नांगर विकणारा संपादक

किर्लोस्कर हे नाव काढले की शेतकऱ्याला पंप आठवतो, पिठाच्या गिरणीवाल्याला इंजिन आठवते आणि साठी-सत्तरी ओलांडलेल्या आयाबायांना 'स्त्री' मासिक आठवते. पंप आणि मासिक यांचा एकमेकांशी संबंध काय, हा प्रश्न मला शाळकरी वयापासून पडत आला. आमच्या पाचोडला, म्हणजे औरंगाबाद-बीड रस्त्यावरच्या पैठण तालुक्यातल्या बाजारगावात, विहिरीवरच्या यंत्रावर जे नाव दिसे, तेच नाव मावशी शहरातून पाठवी त्या जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यावरही असे. विहिरीचे पाणी काढणाऱ्याने गोष्टी आणि लेख का छापावेत?

या प्रश्नाचे उत्तर एका माणसाच्या चरित्रात आहे. त्यांचे नाव शंकर वासुदेव किर्लोस्कर. महाराष्ट्र त्यांना 'शंवाकि' म्हणून ओळखत होता. संपादक म्हणून त्यांचे नाव घरोघरी होते, व्यंगचित्रकार म्हणूनही ते गाजले. परंतु त्यांच्या आयुष्याची तिसरी बाजू आज फारशी कुणाच्या लक्षात नाही. धंदा कसा करावा, हा विषय मराठी घराच्या ओसरीवर आणून ठेवणाऱ्या पहिल्या काही लेखकांत त्यांची गणना करावी लागेल. 'यशस्वी धंद्याचा मार्ग' हे त्यांचे पुस्तक. आज ज्यांना आपण बिझनेस ऑथर किंवा लीडरशिप कन्सल्टंट म्हणतो, त्यांचा धंदा तेव्हा जन्माला यायचा होता. अहमदाबादची व्यवस्थापन संस्था निघाली ती १९६१ साली. त्याच्या चाळीस वर्षे आधी सांगली भागातल्या एका आडस्टेशनावर बसून हा गृहस्थ मराठी माणसाला गिऱ्हाईक म्हणजे काय ते समजावून सांगत होता.

शंकररावांचे शहाणपण समजून घ्यायचे तर आधी त्यांच्या काकांची गोष्ट सांगायला हवी. किर्लोस्करांचे मूळ गाव बेळगाव जिल्ह्यातले गुर्लहोसूर. मराठी संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर तिथलेच. त्याच गावी १८६९ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म झाला. चित्रकार व्हायचे म्हणून ते मुंबईला जे. जे. कलाशाळेत गेले. परंतु काही रंग त्यांना नीट ओळखता येत नाहीत, असे लक्षात आले आणि रंगांचा नाद सोडून ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. तिथे हक्काची बढती त्यांना डावलून दुसऱ्याला मिळाली, तेव्हा नोकरीवर पाणी सोडून ते बेळगावला आले.

बेळगावात थोरले बंधू रामूअण्णा यांच्यासह त्यांचे सायकलींचे दुकान होते. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे, रामूअण्णा त्या विकायचे. त्या काळी सायकल ही वस्तू लोकांना नवीच होती. ती नुसती विकून भागण्यासारखे नव्हते, गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवावे लागे. रामूअण्णा तेही करीत. या बारीकशा तपशिलावर मी मुद्दाम थांबतो, कारण किर्लोस्कर घराण्याच्या धंद्याचे बीज मला इथे दिसते. वस्तू विकायची असेल तर ती वापरायला शिकवायची, आणि शिकवणी संपेपर्यंत विक्री पुरी झाली असे मानायचे नाही.

पुढे १९०३ च्या सुमारास लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर बनवला. काळ्या जमिनीत लाकडी नांगर चालवणे म्हणजे माणसाचे आणि बैलांचे हाल. फाळ वरवर फिरायचा आणि हराळीची, कुंद्याची मुळे खाली तशीच राहायची. लोखंडी नांगर खोल जात होता, माती उलथीपालथी करीत होता. पण तो घेणार कोण? लोखंडाने जमीन विषारी होते, अशी पक्की समजूत शेतकऱ्यांत होती. शेतकऱ्याला वेडा ठरवून मोकळे होणे सोपे आहे. पण त्याच्या जागी उभे राहून पाहावे. वर्षाला एक पीक आणि तेही पावसाच्या मर्जीवर. नवे अवजार फसले तर बनवणाऱ्याचे दोन पैसे बुडतील, शेतकऱ्याच्या घरी मात्र वर्षभर चूल पेटायची नाही. त्याची भीती अडाणीपणाची वाटली तरी हिशेबाला धरून होती. दोन वर्षे लक्ष्मणरावांना गिऱ्हाईक मिळता मिळेना.

नांगराला गिऱ्हाईक नाही आणि बेळगावची जागाही सोडावी लागणार, अशा अवस्थेत औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी पाठीशी उभे राहिले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगाने भरलेला माळ देऊ केला. १९१० साली तिथे बिऱ्हाडे पोचली आणि त्या माळाची किर्लोस्करवाडी झाली. त्या स्टेशनाचे नावही पुढे किर्लोस्करवाडी झाले.

आता शंकरराव. त्यांचा जन्म ८ ऑक्टोबर १८९१ चा, सोलापूरचा. लक्ष्मणरावांचे ते पुतणे. त्यांचा ओढाही काकांप्रमाणेच चित्रकलेकडे होता. शिकायला ते गेले थेट लाहोरला, पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांच्याकडे. पुढे वेदांचे भाष्यकार म्हणून भारतभर प्रसिद्ध झालेले सातवळेकर तेव्हा चित्रकार आणि छायाचित्रकार म्हणून पोट भरत होते. ध्यानात घ्या, लक्ष्मणराव जे. जे. कलाशाळेचे, सातवळेकर जे. जे. कलाशाळेचे आणि औंधचे बाळासाहेबही उत्तम चित्रकार. महाराष्ट्रातल्या एका मोठ्या यंत्रोद्योगाच्या पाळण्याभोवती अशी चित्रकारांची मांदियाळी होती. हा योगायोग असेल, पण निरर्थक नव्हता. चित्रकाराला आधी नीट पाहावे लागते. समोरच्या चेहऱ्यात काय आहे ते न पाहता त्याने कुंचला चालवला तर चित्र फसते. धंद्यातही गिऱ्हाइकाचा चेहरा वाचल्याशिवाय काही चालत नाही.

शंकरराव किर्लोस्करवाडीला आले आणि कारखान्याच्या जाहिराती व विक्री यांचे काम त्यांच्याकडे आले. सुशिक्षित, कलावंत तरुणाने हे काम पत्करावे, हे त्या काळी जरा विचित्रच वाटले असेल. माल बनवणाऱ्याला मान होता, विकणाऱ्याला नव्हता. आपल्या समाजात विक्री म्हणजे गोड बोलून गळ्यात मारणे, आणि जाहिरात म्हणजे खोटे बोलण्याचा छापील परवाना, अशी समजूत आजही पुरती गेलेली नाही. शंकररावांनी या कामाला प्रतिष्ठा दिली.

पहिल्या महायुद्धाच्या काळात परदेशी अवजारांची आवक आटली आणि देशी नांगराला मागणी आली. पण युद्ध काही कायमचे चालणार नव्हते. ते संपले की विलायती माल पुन्हा बंदरात उतरणार, आणि टंचाईपोटी आलेले गिऱ्हाईक टंचाईबरोबर निघून जाणार, हे उघड होते. आलेल्या माणसाशी नाते टिकवायचे कसे? खेड्यापाड्यांत विखुरलेल्या हजारो शेतकऱ्यांच्या दारी जाणे शक्य नव्हते. टपाल मात्र जाऊ शकत होते.

१९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघाली ती या गरजेतून. कारखान्याने आपल्या गिऱ्हाइकांसाठी काढलेले ते छोटेसे पत्र होते. जगात असे प्रयोग आधी झाले होते. अमेरिकेत जॉन डीअर या नांगराच्याच कंपनीने १८९५ सालापासून शेतकऱ्यांसाठी 'द फरो' म्हणजे 'तास' या अर्थाचे नियतकालिक चालवले होते. फोर्ड कंपनीचे 'फोर्ड टाइम्स' १९०८ चे. परंतु अमेरिकेतला शेतकरी साक्षर होता, त्याच्याकडे रस्ता होता आणि मोटारही येऊ लागली होती. इकडे वाचणारा एक आणि ऐकणारे दहा, अशी स्थिती. अशा ठिकाणी नांगराच्या कारखान्याने मासिक काढणे म्हणजे कोणत्याही हिशेबनिसाच्या दृष्टीने पैसे पाण्यात टाकणे होते.

मी जन्मभर बँकेत काढला. खर्चाच्या बाजूला 'गिऱ्हाइकाचे शिक्षण' असा रकाना मी कोणत्याही ताळेबंदात पाहिला नाही. शंकररावांनी तो खर्च वर्षानुवर्षे केला आणि रामूअण्णांनी सायकलीच्या दुकानात जे केले तेच छापील कागदावर करून दाखवले. आधी शिकवायचे, मग विकायचे, आणि विकल्यानंतरही शिकवत राहायचे.

यानंतर जे घडले ते नुसत्या जाहिरातदाराला सुचले नसते. 'खबर' हळूहळू नांगरापासून लांब जाऊ लागली. तीत उद्योगधंद्यांवरचे लेख आले, आरोग्य आले, गोष्टी आल्या, समाजाचे प्रश्न आले. वरवर पाहता हे भरकटणे होते. पण शंकररावांना एक गोष्ट कळली असावी असे मला वाटते. लोखंडाने जमीन विषारी होते असे मानणारे मन फक्त नांगरापुरते तसे नसते. तेच मन विधवेला कोपऱ्यात बसवते, तेच मुलीला शाळेतून काढते, तेच मुलाला धंद्यात पडू देत नाही. एका ठिकाणची भीती काढायची तर सगळ्याच भीतींना हात घालावा लागतो. नांगर विकता विकता ते माणसाच्या मनाच्या नांगरटीपर्यंत आले.

आणि इथे खरी कसोटी होती. व्यापाऱ्याने गिऱ्हाइकाला दुखवू नये, हा धंद्याचा पहिला नियम. किर्लोस्करांचे मासिक रूढींवर आणि भोळ्या समजुतींवर तुटून पडू लागले. रत्नागिरीला स्थानबद्ध असलेल्या सावरकरांचे विज्ञाननिष्ठ लेख त्यात येऊ लागले आणि त्यांनी वाचकांत मोठी खळबळ उडवली. फारसी वळणाचा म्हणून 'खबर' हा शब्द नावातून गेला, तोही सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या आग्रहामुळे, आणि मासिक नुसते 'किर्लोस्कर' झाले. सावरकरांची सगळी मते सगळ्यांना पटणारी नव्हती आणि आजही नाहीत, तो वाद इथे नको. मुद्दा एवढाच की ज्यांच्या देवघरावर टीका होत होती तेच लोक उद्या नांगर घ्यायला येणार होते. कारखान्याच्या नावाने निघणाऱ्या मासिकात असे छापायला छाती लागते. पुढारीपणाची व्याख्या पुस्तकात शोधण्यापेक्षा ती इथे पाहावी. आपल्या माणसांना आवडणार नाही पण त्यांच्या भल्याचे आहे ते सांगायचे, आणि सांगूनही त्यांचा विश्वास गमवायचा नाही, हे ज्याला साधले तो पुढारी.

१९२९ नंतर जगभर मंदी आली. शेतमालाचे भाव कोसळले आणि शेतकऱ्याच्या हातात पैसा राहिला नाही, तर अवजारांना मागणी कुठली? अशा काळात सावध माणूस हात आखडता घेतो. शंकररावांनी १९३० साली 'स्त्री' काढले आणि १९३४ साली तरुणांसाठी 'मनोहर'. घरातल्या कर्त्या माणसाला 'किर्लोस्कर', बाईला 'स्त्री', कॉलेजच्या पोराला 'मनोहर'. एकाच घरात वाचणारी तीन वेगवेगळी माणसे राहतात, त्यांच्या गरजा वेगळ्या आणि त्यांच्याशी बोलण्याची भाषा वेगळी, हे त्यांनी ओळखले. आज व्यवस्थापनाच्या वर्गात बाजारपेठेचे विभाग पाडायला शिकवतात. पण बाई ही स्वतंत्र वाचक आहे, तिला स्वतःच्या नावाचे मासिक हवे, असे १९३० साली मानणे हा व्यापारी हिशेब तर होताच आणि तिच्याविषयीचा आदरही होता. त्यांच्या बाबतीत या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत.

या सगळ्या खटाटोपात त्यांचा हात चित्रावरून उठला नाही. समाजातल्या ढोंगावर त्यांनी व्यंगचित्रे काढली. 'टाकाच्या फेकी' हा त्यांचा चित्रसंग्रह. मराठीत व्यंगचित्राची वाट पाडणाऱ्या पहिल्या मंडळींत त्यांचे नाव घ्यावेच लागते. धंद्यावर लिहिणारा लेखक सहसा गंभीर चेहऱ्याचा असतो. शंकररावांना हसता येत होते आणि वाचकाला स्वतःवर हसायला लावता येत होते. चिडलेला माणूस शिकत नाही, हसलेला शिकतो, हे मास्तरांनाही ठाऊक असते.

त्याच सुमारास, १९३६ साली, अमेरिकेत डेल कार्नेगींचे मित्र कसे जोडावेत हे सांगणारे पुस्तक आले आणि पाठोपाठ १९३७ साली नेपोलियन हिल यांचे विचार करून श्रीमंत होण्याविषयीचे. दोन्ही पुस्तके आज आपल्या बसस्थानकांवर मराठीत मिळतात. या लेखकांशी शंकररावांची तुलना करावीशी वाटते ती एका फरकासाठी. कार्नेगी व्याख्यानाचे वर्ग चालवीत आणि त्यातून त्यांचे पुस्तक निघाले. शंकररावांच्या पाठीशी ओतशाळेची भट्टी होती. नांगर खपला नाही तर वाडीतल्या कामगारांचा पगार अडणार होता. त्यामुळे त्यांचा सल्ला रोजच्या रोज बाजारात तपासला जात होता. पुढे १९५४ साली पीटर ड्रकर यांनी व्यवस्थापनावरच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात, धंद्याचे खरे काम गिऱ्हाईक निर्माण करणे हे आहे, असा सिद्धांत मांडला. तो वाचताना मला कुंडलच्या माळावरचा तो नांगर आठवल्याखेरीज राहिला नाही. गिऱ्हाईक आयते मिळाले नाही म्हणूनच तर ते घडवावे लागले होते.

आता थोडे माझ्या भागाविषयी. १९८० नंतर एकात्मिक ग्रामीण विकास योजना गावोगाव आली आणि १९९३ साली सुशिक्षित बेकारांसाठी पंतप्रधान रोजगार योजना. माझ्या नोकरीची पुष्कळ वर्षे या योजनांचे अर्ज वाचण्यात गेली. वेल्डिंगचे दुकान, शिलाई यंत्र, मसाल्याची गिरणी, पत्रावळीचे यंत्र. अर्जात यंत्राची किंमत पैशापर्यंत बरोबर असे. जागा कुणाची, वीज किती अश्वशक्तीची, सगळे असे. माल कोण घेणार, या रकान्यात मात्र बहुधा एकच ओळ येई, की परिसरात भरपूर मागणी आहे. कोण मागतो, किती मागतो, सध्या तो कुठून घेतो, यातले काही नाही. समोर बसलेला पोरगा कष्टाळू असे, हातात कला असे. गिऱ्हाइकाला जाऊन विचार म्हटले की मान खाली घाली. मागायला जाण्याची त्याला लाज वाटे.

ही लाज मला फार महाग पडताना दिसली आहे. आमच्या पाचोडची मोसंबी सगळीकडे जाते. दुष्काळात टँकरचे पाणी विकत घेऊन झाडे जगवणारे शेतकरी मी पाहिले आहेत. आंबे बहार धरायचा की मृग बहार, पाण्याचा ताण किती द्यायचा, यातले त्यांचे ज्ञान कुण्या शास्त्रज्ञाला मान डोलवायला लावील. पण फळ तयार झाले की पुष्कळदा बाग उक्ती व्यापाऱ्याला दिली जाते. झाडावरचे फळ पाहून व्यापारी अंदाज बांधतो, आणि तो अंदाज बांधणे हेच त्याचे कसब. शेतकऱ्याची गरज नडीची असते, तेव्हा व्यवहार कुणाच्या बाजूने झुकणार हे सांगायला नको. व्यापाऱ्याला शिव्या देऊन काही होत नाही. तो विकायला शिकला, आपण फक्त पिकवायला शिकलो. शंकररावांनी शंभर वर्षांपूर्वी जो धडा गिरवायला घेतला, तो आमच्याकडे अजून अर्धाच झाला आहे.

याचे थोडे कारण इतिहासात आहे आणि ते सांगितले पाहिजे, नाही तर शंकररावांचे चरित्र म्हणजे नुसती आरती होईल. 'किर्लोस्कर'चा वाचक मुख्यतः मुंबई इलाख्यातला, शिकलेला, पांढरपेशा. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. सरकारदरबारची भाषा उर्दू, उच्च शिक्षण उर्दूतून, मराठी शाळा थोड्या. १७ सप्टेंबर १९४८ रोजी आम्ही त्या राज्यातून सुटलो, तोपर्यंत 'किर्लोस्कर' मासिक अठ्ठावीस वर्षांचे झाले होते. जो शेतकरी नांगराला भीत होता त्याच्यासाठी निघालेले पत्र पुढे शहरातल्या दिवाणखान्यात स्थिरावले. ज्याला धंद्याच्या शिकवणीची सर्वांत जास्त गरज होती तो वाचू शकत नव्हता, आणि जो वाचत होता तो पुष्कळदा वाचून पुन्हा कचेरीत कारकुनी करायला जात होता. छापील शब्दाची ही मर्यादा मोठ्यातल्या मोठ्या संपादकाला ओलांडता येत नाही.

दुसरीही एक मर्यादा होती. स्पृश्यास्पृश्यतेला वाडीत थारा नव्हता, वेगवेगळ्या जातींचे कामगार खांद्याला खांदा लावून काम करीत. तरीही १९४८ च्या आरंभी गांधीजींच्या हत्येनंतर महाराष्ट्रात जो वणवा पेटला, त्याची झळ किर्लोस्करवाडीलाही लागली. तीस-चाळीस वर्षे माणसे जोडत आलेल्यांना तो घाव किती खोल गेला असेल, याची कल्पनाच करावी. चांगल्या मासिकाने समाजाचे सगळे विष उतरत नाही, हे तेव्हा दिसले. पण कारखाना पुन्हा उभा राहिला, मासिकेही निघत राहिली.

दरम्यान लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतून यंत्रविद्या शिकून आले होते आणि उद्योगाचा विस्तार त्यांच्या हाती गेला होता. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्स निघाली. आमच्याकडच्या विहिरींवर पुढे मोटेची जागा इंजिनाने घेतली ती या काळानंतरची. लक्ष्मणराव १९५६ साली गेले. शंकररावांनी मासिकांचा भार मुलाकडे, मुकुंदरावांकडे सोपवला. संस्था उभी करणाऱ्याला ती वेळेवर सोडणे जमत नाही, हा आपल्याकडचा सार्वत्रिक रोग. शंकररावांना तो जडला नाही. उतारवयात त्यांनी 'शंवाकीय' हे आत्मचरित्र लिहिले, आणि १ जानेवारी १९७५ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी, ते गेले.

ती तिन्ही मासिके आता किर्लोस्करांच्या घरातून निघत नाहीत. पण बी वाया गेले नाही. 'स्त्री'च्या संपादकवर्गात तयार झालेल्या विद्या बाळ यांनी १९८९ साली 'मिळून साऱ्याजणी' सुरू केले आणि बायकांशी बोलण्याची ती परंपरा नव्या काळात आणली. नांगराच्या जाहिरातीतून सुरू झालेला ओहोळ कुठपर्यंत पोचावा, याचे मला नेहमी नवल वाटते.

आज आपल्या तालुक्याच्या गावातही यशाच्या गुरुकिल्ल्या वाटणारी शिबिरे भरतात. वक्ता कोट घालून येतो, मोठ्याने बोलतो, टाळ्या वाजवायला लावतो. पोरे दोन दिवस भारल्यासारखी असतात आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा भरतीच्या जाहिराती पाहू लागतात. उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी, ही म्हण आपण केव्हाच उलटी टांगली आहे. आईबापांना मी दोष देत नाही. नोकरीचा पगार एक तारखेला येतो आणि धंद्याचा पैसा येईल तेव्हा येतो, ही त्यांची धास्ती खरी आहे. लोखंडी नांगराला भिणाऱ्या शेतकऱ्याची धास्तीही अशीच खरी होती. ती टाळ्यांनी गेली नाही. शेतात नांगर चालवून दाखवल्यावर गेली, महिन्याच्या महिन्याला टपालाने येणाऱ्या चार पानांनी गेली.

तेव्हा आपल्या घरातली मुलगी लोणच्या-पापडाचा धंदा काढते म्हणाली, किंवा मुलाने वाळूजच्या कारखान्यातली नोकरी सोडून गावी दुकान टाकायचे मनात घेतले, तर त्यांना एकदम हो किंवा नाही म्हणू नये. त्यांना एवढेच विचारावे की तुमचे गिऱ्हाईक कोण, त्याची अडचण काय, आणि त्याला तुम्ही काय शिकवणार आहात? मग कागद-पेन्सिल देऊन आठवडी बाजारात पाठवावे. वीस माणसांशी बोलून आले की पुढचे बोलणे त्यांच्याशी सावकाश, चहा घेता घेता करावे. त्या वीस माणसांत एखादा तरी असा निघेल, जो त्यांच्या मालाला घाबरतो. त्याचे म्हणणे सर्वांत आधी ऐकावे.